पाच हजार वॉटचं मशीन, दोन अँपिअरचा फ्यूज

कापसाचे चुकारे झाले की भजनी मंडळांची वर्गणी जमते, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाजारात साउंड सिस्टिम विकणारी पिकअप उभी राहते. "कारखान्यातला उरलेला माल, अर्ध्या भावात." वऱ्हाडातल्या गावोगावच्या मंडळांची फसगत जवळपास सारखीच.

मशीनवर, म्हणजे अँप्लिफायरवर, ठळक 5000 वॉट, खाली बारीक अक्षरात पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. या पीएमपीओचं ठरलेलं असं मापच नाही, म्हणून वाट्टेल तो आकडा छापता येतो. विचारायचे ते आरएमएस वॉट, म्हणजे मशीन सतत देऊ शकतं ती ताकद. तेही फुगवून सांगतात, तेव्हा मशीन उलटं करून फ्यूज पाहा. 2 अँपिअर असेल तर 230 व्होल्टवर ते लाइनवरून सतत 460 वॉटच ओढू शकतं. एबी क्लासचं, म्हणजे नेहमीच्या साध्या सर्किटचं मशीन त्यातले निम्म्याहून थोडे जास्त स्पीकरला देतं, उरलेल्यात हीट सिंक तापतो. पाच हजार आले कुठून?

"वॉट दुप्पट, आवाज दुप्पट" हीसुद्धा थापच. 100 चे 200 वॉट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरच्या डब्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॉटवर एक मीटरवरून तो किती डेसिबल वाजतो ते, विचारा: 96 डेसिबलचा डबा 50 वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला 90 वाल्याला 200 वॉट लागतात.

स्पीकरची वायर ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. देवळापासून पारापर्यंत 30 मीटर म्हणजे जाऊन-येऊन 60. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्यात एवढ्या अंतराला सुमारे 0.7 ओम अडथळा, या वायरीत 1 ओमच्या वर. 4 ओमचा डबा लावला तर पाचवा हिस्सा ताकद वायरीतच जाते.

खरी गंमत ओलिताचे पंप सुरू झाल्यावर. लाइन डीम होऊन 180 व्होल्टवर आली की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची ताकद सुमारे 60 टक्क्यांवर येते. खंजिरी ऐकू येईना म्हणून कुणीतरी व्हॉल्यूम पिळतो, लाटेचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो आणि आधी ट्वीटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची, कॉइल जळते. विकणारा म्हणतो, "तुम्ही ओव्हरलोड केलं, वॉरंटी नाही." लोकांनाही पटतं, कारण मशीन पाच हजार वॉटचं! प्रत्यक्षात दमलेल्या छोट्या मशीननेच ट्वीटर जाळलेला असतो.

पैसे देण्याआधी बिलावर "8 ओमवर इतके आरएमएस वॉट" एवढं लिहून मागा. पिकअपवाल्याकडे बहुतेक वेळा बिलबुकच नसतं.