सासवड रस्त्यावरची पागा: दीड वर्षानंतर

आमची सात वर्षांची कुमेत (लालसर तपकिरी रंगाची) काठेवाडी घोडी, कस्तुरी, गेले दीड वर्ष सासवड रस्त्याला लागून असलेल्या एका शेतावरच्या पागेत आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहून घोडा पाळायचा तर तो दुसऱ्याच्या हाती सोपवावाच लागतो. म्हणून या पागेचा अनुभव खर्चासह सविस्तर लिहीत आहे.

दरमहा १८ हजार रुपयांत जागा, वैरण, दाणा आणि मोतद्दाराची, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाची, सेवा मिळते. साधारण ४०० किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारे ८ किलो कोरडी वैरण लागते आणि उन्हाळ्यात तो ४० लिटरपर्यंत पाणी पितो, हे लक्षात घेतले तर हा आकडा मला अवाजवी वाटत नाही. वैरणीच्या बाबतीत तर ही पागा नि:संशय चांगली आहे. कडबा पत्र्याखाली, जमिनीपासून वर उचललेल्या फळ्यांवर रचलेला असतो आणि कुबट वासाची पेंढी घोड्यांपुढे टाकली जात नाही. दाणा काट्यावर तोलून, दिवसातून तीन वेळा विभागून दिला जातो. एकदम जास्त दाणा पोटात गेला तर पोटशूळ उठतो, खुरांनाही सूज येऊ शकते. त्यामुळे हे तोलणे मला फार मोलाचे वाटते.

मात्र नालबंदी, लसी, जंताचे औषध, वर्षातून एकदा दात घासून घेणे आणि पशुवैद्यांची फी हे सर्व त्या १८ हजारांच्या बाहेरचे आहे, आणि पहिल्या भेटीत हे कोणीही स्पष्टपणे सांगितले नव्हते.

गेल्या मार्गशीर्षातली एक रात्र मी विसरू शकत नाही. अकराच्या सुमारास मोतद्दाराचा फोन आला, "ताई, घोडीनं संध्याकाळपासून लीद टाकली नाही, आणि सारखी कुशीकडं वळून बघतीय." आम्ही पोहोचलो तेव्हा ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान घामाने ओली झाली होती. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातले दुखणे वेळेत ओळखले नाही तर ते जिवावर बेतू शकते. मोतद्दाराने आमच्या आधीच गव्हाणीतली वैरण काढून घेतली होती आणि ती लोळण घेऊ नये म्हणून तिला सावकाश चालवत ठेवले होते. डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून पोटात पातळ पॅराफिन सोडले, आणि पहाटे साडेचारला कस्तुरीने लीद टाकली. बारा घोड्यांमध्ये एका घोडीची लीद झाली नाही हे ध्यानात ठेवणारा माणूस या पागेत आहे, आणि माझ्या दृष्टीने तिची खरी किंमत तीच आहे.

माझी तक्रार पावसाळ्याची आहे. खूर सतत वाढत असतो, म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी नाल काढून तो तासावा लागतो. त्या पावसाळ्यात नालबंद दहाव्या आठवड्यापर्यंत आलाच नाही, आणि विचारल्यावर "पाऊस चालू आहे" एवढेच उत्तर मिळत राहिले. दरम्यान ठाणाची, म्हणजे घोडी बांधायच्या जागेची, जमीन ओली राहिली. मी स्वतः खूर उचलून पाहिला तेव्हा तळव्याच्या खाचेत काळा, चिकट, उग्र वासाचा थर साचला होता आणि खूर नालेच्या कडेबाहेर आला होता. बरे व्हायला महिना गेला, औषधाचा खर्च आमच्याच बिलात लागला, आणि तोही तपशिलाशिवाय एकरकमी. घोडे मोकळे सोडायला कुंपणाची जागा एकच आहे, हीदेखील उणीव आहे.

येथे घोडा ठेवू इच्छिणाऱ्यांनी सुटीच्या काळात मोतद्दाराच्या जागी कोण असते, रात्री कोणते डॉक्टर येतात आणि बिलाचा तपशील मिळेल का, हे आधी विचारावे. पुण्याच्या आसपास वैरणीची आणि जनावरावर नजर ठेवण्याची इतकी चांगली व्यवस्था मी पाहिलेल्या इतर तीन ठिकाणी नव्हती, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देते. घोडा निरोगी राहिला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. कस्तुरीचे अजून बरेच आयुष्य आहे आणि आम्ही तिला येथून हलवलेले नाही. नालबंदाची तारीख मात्र आता मी स्वतः ठरवते, आदल्या दिवशी त्याला फोन करते आणि त्या सकाळी खूर हातात धरायला पागेत हजर असते.