फोंड्यातली खानावळ, गल्ल्यावरचे पात्रांव आणि नुसती मान हलवणारे राजे: ४ स्टार

नाव लिहीत नाहीये. पात्रांवनीच (आमच्या कोकणीत मालकाला पात्रांव म्हणतात) सांगितलंय, "बाय, बोर्डावरचं नाव टाकू नको गो, आत्ताच बसायला जागा नाय." गोव्यात फोंड्याच्या बसस्टँडवरून बाजाराच्या बाजूला चालत गेलात आणि साडेबाराला एका दारात सात-आठ स्कूटर तिरक्या लावलेल्या दिसल्या तर तीच समजा. मी इथे अकरा वर्षं जेवतेय, ऑफिस जवळ आहे आणि डबा करायचा कंटाळा आहे, एवढंच कारण.

आधी जेवणाचं सांगून घेते कारण पुढे विषय बिनअधिकाराचा राजा कशाला हवा ह्यावर भरकटणार आहे. उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशांची आमटी), किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एक भाजी, सोलकढी, आणि तळलेला बांगडा नाहीतर इसवण (सुरमई) वेगळा सांगायचा. बांगड्याच्या हुमणात तिरफळं पडतात, हलकीच ठेचून, आणि जिभेच्या टोकाला जी झिणझिण येते तिच्यासाठी मी पावसात भिजत येते, खोटं नाही. तिसऱ्यांचं सुकं असेल त्या दिवशी भात आधीच जास्त सांगून ठेवा. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, मुगागाठी, खतखतं वगैरे, आणि पर्यटक तोंड पाडून परत जातात, जाऊदेत.

आता पात्रांव. वय अठ्ठ्याहत्तर. गल्ल्यावर लाकडी खुर्ची, तिच्यावर उशी, समोर बडीशेपेची वाटी, मागे शांतादुर्गेचा फोटो. सकाळी अकरा ते तीन तिथे बसतात आणि काहीही करत नाहीत. म्हणजे खरंच काही नाही. पैसे सगळे मोबाईलवरून देतात, तो छोटा डबा "अमुक रुपये प्राप्त हुए" ओरडतो आणि पात्रांव मान हलवतात. माझी वन्सं पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, ह्यांना घरी का नाही बसवत, एक टेबल वाढेल की. मलाही आधी तसंच वाटायचं.

ह्या मान हलवण्यावरूनच आमच्या टेबलावरची चर्चा सुरू झाली होती. आमचं टेबल म्हणजे मी आणि एक रिटायर्ड मास्तर, मराठी शाळेतले, इतिहासाचे. ते म्हणाले, हे आपले इंग्लंडचे राजे गो. तिथे पार्लमेंटने पास केलेलं बिल शेवटचं अडवलं ते राणी ॲनने, १७०८ मध्ये. त्यानंतर तीनशे वर्षं नुसती मान हलवतायत. आणि त्याचा खर्च बघ, २०२४-२५ ला सरकारने राजघराण्याला दिलेली ग्रँट ८.६३ कोटी पाउंड, राजवाड्याच्या दुरुस्तीसकट. मास्तरांचा भाचा इंग्लंडात स्विंडनला आहे, आपले गोव्याचे कितीतरी लोक तिथे आहेत, पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन गेलेले. म्हणजे गंमत बघा, ज्या देशाने १९१० मध्ये राजाला हाकलला त्या देशाचा पासपोर्ट काढायचा आणि राजा असलेल्या देशात जाऊन टॅक्स भरायचा. मास्तर हे सांगताना इतके हसतात की काटा घशात अडकायची भीती वाटते.

पात्रांवच्या शेजारी भिंतीवर फ्रेम केलेला एक कागद आहे. नीट बघा, बरेच लोक त्याला लायसन्स समजतात. २०११ मध्ये पात्रांवचे थोरले भाऊ गेले तेव्हा घरात भांडणं नकोत म्हणून नोटरीकडे केलेला तो कागद. त्यात असं आहे की रेट, मेनू, माणसं ठेवणं-काढणं हे पुतण्या आणि घरातल्या दोघी वहिनी मिळून ठरवणार, शनिवारी वही पात्रांवना दाखवणार, त्यांनी विचारायचं, सांगायचं, पण अडवायचं नाही. खुर्ची मात्र त्यांची. झाली की राज्यघटना!

मास्तरांचं म्हणणं, कागद हाच मुद्दा आहे. आपल्याकडे साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे हे काय वेगळं होतं, पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची, नाव छत्रपतींचं आणि कारभार पुण्याचा. पण शाहू महाराज गेल्यावर छत्रपतींनी काय विचारायचं, काय सांगायचं ह्याला कोणी वाली उरला नाही, राजा म्हणजे जवळजवळ नजरकैदच. उलट औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्ये स्वतःहून घटना करून अधिकार लोकांच्या हातात दिले, गांधीजींचा त्यात हात होता. एवढंसं संस्थान, सातारा जिल्ह्यातलं. हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि शाळेत का शिकवलं नाही कोण जाणे, मास्तर तर म्हणतात मी शिकवायचो, तुम्ही मागच्या बाकावर झोपलेल्या असायच्या.

पण मला ह्या बिनकामाच्या खुर्चीची किंमत कळली ती गेल्या पावसाळ्यात. पात्रांव बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना घरी. पुतण्या खुर्चीत बसला. वाईट मुलगा नाहीये, सकाळी पाचला उठून मार्केटला तोच जातो, सगळी मेहनत त्याचीच. पण त्या खुर्चीत बसल्यावर त्याचं काय झालं देव जाणे. एरवी किचनमध्ये काही बिनसलं की कुक बाहेर येऊन पात्रांवसमोर पाच मिनिटं बडबडायचा, पात्रांव "हय रे, हय रे" करायचे, तो आत जायचा, पुतण्याने ठरवलेलं तसंच राहायचं पण भांडण तिथेच विरायचं. आता ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच गल्ल्यावर, मग सांगणार कोणाला? वाढणारा एक मुलगा सोडून गेला. जूनपासून जुलै संपेपर्यंत ट्रॉलर बंद, तेव्हा फ्रोझन इसवण येणार हे आम्हालाही कळतं, दरवर्षी पात्रांव स्वतःच सांगायचे, "बर्फातला आसा हां." ह्याने ताजा म्हणून लावला. हुमण पातळ. तिरफळं गायब! एक दिवस माझ्या बिलात दोन सोलकढी लावल्या, मी एकच घेतलेली, बोलले तर म्हणतो, "मालक मी आहे, मला कळतं." अकरा वर्षांत पात्रांवच्या तोंडून मालक हा शब्द मी ऐकला नव्हता. तीस रुपयांचा प्रश्न नव्हता हो, पण मी आठवडाभर गेले नाही, ऑफिसात ब्रेड-ऑम्लेट खाल्लं.

मग पात्रांव वॉकर घेऊन आले. पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत, जेवले, हुमणात बोट बुडवून चाखलं आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं, "तिरफळां खंय गेलीं रे?" बस्स. पुतण्या लाल झाला. दुसऱ्या दिवशी तिरफळं हजर, आणि बोर्डावर खडूने "इसवण (बर्फातला)". कागदाप्रमाणे त्यांनी काही अडवलं नव्हतं, फक्त विचारलं.

मास्तरांनी लगेच स्पेन काढलं. १९८१, २३ फेब्रुवारी, एक लेफ्टनंट कर्नल पिस्तूल घेऊन पार्लमेंटमध्ये घुसला, सगळे खासदार ओलीस, आणि रात्री एकच्या पुढे राजा हुआन कार्लोस युनिफॉर्म घालून टीव्हीवर आला आणि लष्कराला सांगितलं की घटनेप्रमाणेच चालायचं. सकाळी बंड बारगळलं. म्हणजे एरवी रिबिनी कापणारा माणूस, पण त्या रात्री सैनिक ऐकतील असा तोच. नॉर्वेत तर १९४० मध्ये जर्मन घुसलेले असताना राजा होकोनने मंत्रिमंडळाला सांगितलं, त्या जर्मनांच्या बाजूच्या क्विसलिंगला पंतप्रधान नेमायला मी सही करणार नाही, तुम्हाला नेमायचाच असेल तर मी पद सोडतो. मंत्रिमंडळ त्याच्या मागे उभं राहिलं.

मी म्हटलं मास्तर, सोयीची उदाहरणं काढू नका. इटलीत पण राजा होताच की. १९२२ मध्ये मुसोलिनीचे लोक रोमवर चालून आले तेव्हा सरकारने मार्शल लॉचा कागद पुढे केला, राजाने सही केली नाही आणि मुसोलिनीलाच बोलावून पंतप्रधान केलं. १९४६ ला लोकांनी मत देऊन राजघराणं घालवलं ते काय उगाच नाही. (हे मी घरी जाऊन वाचून आले होते, कबूल करते.) आणि तो स्पेनचा हिरोसुद्धा पुढे काय झाला, हत्तीच्या शिकारीच्या भानगडी, पैशांची प्रकरणं, २०१४ ला गादी सोडली, २०२० ला देश सोडून अबुधाबी. चांगला म्हातारा मिळाला तर ठीक, पुढचा कसा निघेल हे लॉटरीचं तिकीट. आमच्या पात्रांवचा मुलगा पणजीला असतो, चवथीला (गणपतीत) येतो, खुर्चीत बसून मोबाईलवर गेम खेळतो आणि गल्ल्यातली जी काय चार कॅश असेल ती घेऊन जातो. त्या कागदात सगळं आहे, पण पात्रांवनंतर खुर्चीत कोण हे नाही! भूतानने बरं केलंय, २००८ च्या घटनेत राजाने पासष्टला रिटायर व्हायचं असं लिहूनच टाकलंय. आमच्या पात्रांवना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी तेरा वर्षं फुकट बसलो."

सगळ्यात चांगलं बोलला तो आमचा कुक. नेपाळचा आहे, पंधरा वर्षं इथे, कोकणी माझ्यापेक्षा बरी. त्याला विचारलं, तुमच्याकडे २००८ ला राजा गेला, बरं झालं की वाईट? तो म्हणाला, सरकारं येतात-जातात, पाच वर्षं एक टिकलं नाही. मग जरा थांबून म्हणाला, पण राजा होता तेव्हा पण टिकत नव्हतीच. आणि राजा ज्ञानेंद्र २००५ ला सगळी सत्ता स्वतःकडे घेऊन बसला, म्हणून तर गेला. "पात्रांव किचनमधे येऊन कढई हातात घेणार तर मी पण गांवाक जाणार." मास्तर गप्प झाले.

गोव्याचं मात्र वेगळं आहे आणि इथे मास्तर भावुक होतात. पोर्तुगालमध्ये राजा घटनेखाली आला तेव्हा १८२२ मध्ये गोव्यातून प्रतिनिधी निवडून लिस्बनला गेले. त्यातले बेर्नार्दो पेरिस द सिल्वा पुढे १८३५ ला इथले प्रमुख म्हणून आले, आपला गोंयकार माणूस, आणि इथल्या पोर्तुगीज लष्करी लोकांनी त्यांना तीन आठवडेसुद्धा टिकू दिलं नाही. पोर्तुगालच्या राणीच्या नावाने नेमणूक होती, उपयोग शून्य. खरा फरक पडला राजा गेल्यावर. १९०८ ला लिस्बनच्या चौकात राजा आणि युवराज गोळ्या घालून मारले, १९१० ला प्रजासत्ताक आलं, धर्म आणि सरकार वेगळं झालं आणि गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा बरोबरीने नोकऱ्या, शाळा. मास्तरांच्या आजोबांना त्याच काळात सरकारी नोकरी लागली. म्हणजे राजा गेला म्हणून घरात भाकरी आली, हे ते विसरत नाहीत. पण नंतर १९२६ ला लष्कराचं बंड, १९३२ ला हुकूमशहा सालाझार पंतप्रधान, आणि आम्ही अडकलो थेट १९६१ पर्यंत. त्या सगळ्या काळात तिथे राष्ट्राध्यक्ष होताच, सालाझारला काढायचा अधिकारही कागदावर होता. तो पण मानच हलवत बसला.

तर माझं मत असं झालंय की असल्या राजाची किंमत तो काय करतो ह्यात नाही, त्या खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसता येत नाही ह्यात आहे. कारभार करणाऱ्याला दर आठवड्याला कोणासमोर तरी वही घेऊन उभं राहावं लागतं, एवढंच. पण म्हणून आपण आता नवीन राजा आणायचा का, छे! आपल्याकडे ते काम राष्ट्रपती आणि राज्यपालांना दिलंय, आणि राज्यपालांचं दुखणं वेगळं, ते दिल्लीहून नेमलेले. २०१७ ला गोव्याच्या चाळीसच्या विधानसभेत काँग्रेस १७, भाजप १३ आणि राज्यपालांनी बोलावलं पर्रीकरांना, त्यांनी बहुमत दाखवलंही, पण फोंड्यातल्या प्रत्येक टेबलावर अजून त्यावर वाद होतो. जपान, नॉर्वेवाल्यांकडे जुनी खुर्ची आहे, चालतेय, तर उगाच मोडू नये. थायलंडसारखं राजाबद्दल बोललं तर तीन ते पंधरा वर्षं आत, असलं असेल तर मात्र ती खुर्ची जळणाला टाकलेली बरी. आमच्या पात्रांवना "आज हुमण फसलं" असं तोंडावर सांगता येतं, मी सांगितलंय, दोनदा.

एक स्टार कापला तो त्या दीड महिन्यासाठी आणि तीस रुपयांच्या सोलकढीसाठी, जी परत मिळाली नाही. आणि हात धुवायच्या बेसिनजवळ कायम पाणी साचलेलं असतं, चप्पल घसरते, पात्रांव पडले ते घरी पण इथेही कोणीतरी पडणार आहे.

जायचं तर साडेबाराच्या आधी. चवथीत पाच दिवस बंद. कार आणू नका, लावणार कुठे. आणि निघताना गल्ल्यावर बडीशेप घ्याच, पात्रांव स्वतः देतात, चमच्याने, एका माणसाला एकच. दुसरा मागितला तर पुतण्याकडे बघतात.