प्लगचं वॉटमीटर: कामाचं आहे, पण विकत घ्यायलाच हवं असं नाही

लाईट बिल आलं की आमच्या घरात पहिली धाड चार्जरवर पडते. अण्णा, म्हणजे माझे सासरे, खोल्याखोल्यांतून फिरून बोर्डाला लटकणारे चार्जर उपसून आणतात आणि रात्री सगळं घर आपापला चार्जर शोधत बसतं. हा वाद एकदाचा मिटवायचा म्हणून मी प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मागवलं. हजाराच्या आत आलं. एकच यंत्र दहा नावांनी विकलं जातं, त्यामुळे कंपनीचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही.

वापरायला डोकं लागत नाही. मीटर बोर्डात खुपसायचं, उपकरणाची पिन मीटरमध्ये. स्क्रीनवर व्होल्ट, अँपिअर, वॉट, पॉवर फॅक्टर आणि साठत जाणारी युनिटं दिसतात. फ्रिज मध्येच चालू होतो, मध्येच थांबतो, तेव्हा त्याचा हिशोब साठलेल्या युनिटांवरूनच करावा. बाकीच्यांसाठी वॉटचा आकडा पुरतो. व्होल्टला अँपिअरने गुणून घाबरवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, तिकडे लक्ष देऊ नका. छोट्या उपकरणांचा तसा काढलेला आकडा दुप्पटसुद्धा येतो, आणि आपलं घरगुती बिल त्यावर लागत नाही.

तर पहिला मान चार्जरचा. आकडा आला शून्य. दुसरा लावला, शून्य. "तुझं यंत्रच बंद पडलंय," अण्णांचा निकाल. त्यांचा संशय अगदीच फुकट नव्हता, कारण ही स्वस्तातली मीटरं एक-दोन वॉटच्या खाली आंधळीच असतात. पण मोबाईल न जोडलेला आजकालचा बरा चार्जर ०.१ वॉटच्या आसपास घेतो. १ वॉट वर्षभर अखंड चालला तर ८.७६ युनिटं होतात, म्हणजे असा चार्जर वर्षाला एक युनिटही खात नाही. महावितरणच्या १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात वहन आकार धरून युनिट दहा रुपयांच्या वर जातं, ते धरलं तरी दहा-बारा रुपयांचा मामला. अपवाद जुन्या, जड, ठोकळ्यासारख्या अडॅप्टरांचा. काहीही न जोडता हाताला कोमट लागत असेल तर तो खातोय, मीटरशिवाय कळतं.

खरा चोर टीव्हीखाली निघाला. टीव्ही नव्हे, तो रिमोटने बंद केल्यावर शून्य दाखवत होता. (युरोपात २०१३ पासून नुसत्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, त्याचा फायदा आपल्याकडच्या टीव्हींनाही मिळत असावा.) सेट टॉप बॉक्स चालू असताना १३ वॉट आणि रिमोटने 'बंद' केल्यावर १२! म्हणजे फक्त हिरवा दिवा जाऊन लाल लागतो. दिवसाला पाच तास बघणाऱ्या घरात उरलेल्या एकोणीस तासांची वर्षाला त्र्याऐंशी युनिटं होतात. अण्णांनी आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि बॉक्सकडे असं काही पाहिलं की चार्जरांचं नशीब उघडलं. आता स्वतंत्र बटणांचा स्पाइक गार्ड लावलाय आणि झोपताना ते स्वतः बटण दाबतात. सकाळी बॉक्स जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढा वेळ बातम्यांच्या नावाने शंख चालतो.

पोराच्या जुन्या वूफरने आवाज नसताना ८ वॉट दाखवले, तो थेट बटणावर गेला. राउटर ६ वॉट, पण तो रात्री बंद करायचा विषय काढला तर घर फुटेल. बॅटरी भरलेली असतानाही इन्व्हर्टर २५ वॉट ओढत होता. त्याला मात्र हात लावला नाही. चार्जिंग तोडून ठेवलं तर बॅटरी हळूहळू उतरते, खराब होते, आणि वळवाच्या पावसात सांगलीत लाईट जाते तेव्हा तोच उपयोगी पडतो. देवघरातला झिरोचा बल्ब, नावाप्रमाणे वीज न खाणारा, १४ वॉट निघाला. तो चोवीस तास जळायचा. त्याजागी अर्ध्या वॉटचा एलईडी आलाय, देवाची तक्रार नाही.

आता यंत्राचे दोष. स्क्रीनला उजेड नाही आणि आमचे बरेच बोर्ड गुडघ्याच्या उंचीला, त्यामुळे रीडिंग घ्यायला जमिनीवर बसून मोबाईलची बॅटरी मारावी लागते. अंगाने इतकं रुंद की शेजारचं बटण झाकतं. मोठ्या, जाड पिना बसत नाहीत, म्हणून एसी, गीझर आणि आमचा मायक्रोवेव्ह राहूनच गेले. कन्व्हर्टर पिन लावून गीझर यावर चालवायचा शहाणपणा करू नका, वितळेल. मोठ्या पिनेचं वेगळं मीटर मिळतं.

आणि फुकटातला उपायही आहे. जिन्याखालच्या आमच्या वीजमीटरवर ३२०० imp/kWh असं छापलंय, म्हणजे त्याचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. पडताळा म्हणून फ्रिज, पंखे, दिवे बंद केले, बॉक्स, वूफर, राउटर आणि इन्व्हर्टर ही चार यंत्रं तेवढी पूर्वीसारखी लावून ठेवली आणि अण्णा व मी घड्याळ घेऊन खाली उभे राहिलो. साधारण बावीस सेकंदांनी एकदा लुकलुक. हिशोब केला तर ५१ वॉट येतात, वरची बेरीजही तेवढीच. सामान्य घराला एवढी परीक्षा पुरे. लुकलुक जोरात असेल तर एकेक बटण बंद करत चोर शोधता येतो.

म्हणून पाचापैकी साडेतीन. यंत्र खोटं बोलत नाही, पण एकदा घरभर फिरवून झालं की कपाटात पडतं. चार घरांत मिळून एक घ्यावं. आमचं सध्या जयसिंगपूरला नणंदेकडे आहे. परत आलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर, त्यांचा फ्रिजच्या जुन्या स्टॅबिलायझरवर डोळा आहे.