‘तयार’ सेन्सर ब्रॅकेट किट घेण्याआधी हे वाचा

जुन्या पिढीच्या गाडीत नव्या पिढीचं इंजिन बसवायचं, पण वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जुनाच ठेवायचा, असं काम ज्यांनी काढलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. या कामात इंजिन माउंटपेक्षा सेन्सरच जास्त डोकं खातात. माझ्या जुन्या इंजिनाचा क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्ट कुठल्या कोनात आहे ते ईसीयूला सांगणारा) पुढे पुलीजवळ होता, नव्याचा मागे फ्लायव्हीलकडे. नॉक सेन्सरची जागा वेगळी, पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे आटे वेगळे. म्हणून अडॅप्टर लागतात, आणि त्यांच्या नावाखाली मला गंडवलं.

विकणाऱ्याची भाषा अगदी ठाम होती. किट तयार आहे, याच इंजिनावर चालवून पाहिलंय, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, मशीनवर कापलंय, बोल्ट आवळा आणि स्टार्टर मारा. सोबत इंजिन चालू असल्याचा व्हिडिओ. पैसे सगळे आधी. त्या व्हिडिओत इंजिन छान चालतं, पण सेन्सर कशाच्या आधाराने उभा आहे ते एकदाही दिसत नाही.

आलं ते काय? ग्राइंडरने कापलेली, व्हाइसमध्ये धरून वाकवलेली लोखंडी पट्टी, वर काळ्या रंगाचा जाड थर. चुंबक लावला तर ओढून काढावा लागला. धातू कुठला यावर बरंच अवलंबून असतं. माझा क्रँक सेन्सर दोन तारांचा, व्हेरिएबल रिलक्टन्स जातीचा. त्याच्या आत स्वतःचं चुंबक असतं, समोरून क्रँकबरोबर फिरणाऱ्या रिंगचा दात गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. टोकाला खेटून लोखंड ठेवलं की त्या क्षेत्राचा काही भाग तिकडे वळतो. स्टार्टरवर इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरेच घेतं, म्हणजे सिग्नल मुळातच अशक्त, त्यात ही वाटमारी. म्हणून अशा ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम किंवा ३०४ स्टेनलेस वापरतात. (३०४ची पट्टी वाकवली की बाकाच्या जागी चुंबक किंचित धरते. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका.)

खरी गोम भोकांत होती. भोकं नव्हतीच, लांबलचक स्लॉट होते. ‘अ‍ॅडजस्ट करता यावं म्हणून’ असं त्याचं उत्तर. सेन्सर आणि दात यांच्यातला गॅप साधारण १ मिलिमीटर ठेवायचा असतो, त्या दिशेने थोडा स्लॉट मी समजू शकतो. हे स्लॉट रिंगच्या परिघाच्या दिशेने होते. माझी रिंग ६० वजा २ दातांची, म्हणजे ६० दातांची जागा, त्यातले दोन गाळलेले, दर दाताला ६ अंश. रिंगचा व्यास १५० मिलिमीटर धरा, परीघ झाला ४७१ मिलिमीटर, म्हणजे एका अंशाला जेमतेम १.३ मिलिमीटर. सेन्सर परिघावर ४ मिलिमीटर सरकला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, ३ अंशांनी हललं. किटबरोबरच्या कागदावर दिलेल्या जागी ब्रॅकेट बसवून टायमिंग लाइट लावला, तर ईसीयूच्या आकड्यापेक्षा ठिणगी बरोबर तेवढी आधी पडत होती.

हे सांगितल्यावर उत्तर आलं, “चालवत राहा, ईसीयू शिकून घेईल.” हे अर्धसत्य फार धोक्याचं, कारण ऐकायला खरं वाटतं. काही ईसीयू क्रँकचा फरक शिकतात, पण तो रिंगच्या दातांमधल्या बारीक चुकांचा. गाळलेल्या दातांनंतर किती अंशांवर पिस्टन वर येतो हे कॅलिब्रेशनमध्ये ठरलेलं असतं. तुमचा सेन्सर कुठे लटकवलाय हे ईसीयूला कळायचा मार्गच नसतो.

आता किटमधला सर्वांत घातक तुकडा: नॉक सेन्सरचा ब्रॅकेट. नॉक म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी भडकून बसणारा ठोका. नॉक सेन्सर पायझो जातीचा, ब्लॉकमधून येणारी ती थरथर ऐकणारा. तो ब्लॉकच्या स्वच्छ, सपाट तोंडावर थेट बसतो, मध्ये वॉशरसुद्धा घालायचा नसतो, आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच आवळायचा असतो. त्याला पातळ पट्टीच्या टोकावर टांगणं म्हणजे पहारेकऱ्याच्या कानात बोळे घालून त्याला दारावर उभं करणं. एक तर नॉक ऐकूच येत नाही, नाहीतर पट्टीचीच थरथर नॉक समजून ईसीयू विनाकारण टायमिंग मागे घेतो. माझ्या बाबतीत ठिणगी आधीच लवकर पडत होती आणि ती आवरणारा बहिरा. लोड दिला असता तर पिस्टनचं काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. तापमानाच्या सेन्सरचा अडॅप्टरही इतका लांब की सेन्सरचं टोक वाहत्या पाण्यापर्यंत पोचतच नव्हतं. ईसीयूला इंजिन थंडच वाटणार, आणि पेट्रोल जास्त जाणार.

तक्रार केल्यावर दुसरा अंक सुरू झाला. म्हणे दोष तुमच्या कॅम सेन्सरचा (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा), मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर “सेन्सर मेलाय, माझ्याकडे नवा आहे”. कॅम सेन्सर तीन तारांचा, हॉल जातीचा. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, रेझिस्टन्स मोजून तो चांगला की वाईट हे ठरतच नाही. त्याला सप्लाय द्यायचा आणि स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) चौकोनी सिग्नल येतोय का ते बघायचं. माझ्या सेन्सरचा येत होता. मेलेला ठरवून दुसरा गळ्यात मारायचा, एवढाच त्या चाचणीचा उपयोग.

पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, “हे खास तुमच्यासाठी बनवलं होतं, परत घेता येत नाही.” विकताना हेच किट तयार आणि तपासलेलं होतं! दोन्ही मेसेज माझ्याकडे जपून ठेवलेत. पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरात चालू आहे, व्हिडिओ तोच, इंजिनाचं नाव तेवढं बदललंय.

पुढे एका टर्नरकडून ८ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम प्लेटचा ब्रॅकेट करून घेतला. ब्लॉकवरच्या दोन बोल्टांवर तो बसतो, जागा हलू नये म्हणून डॉवेल पिन आहे, स्लॉट नाही, गॅप शिम (पातळ चकत्या) घालून जुळवला. आधी पहिला पिस्टन डायल गेजने नेमका वर आणला, मग तिथून दात मोजून सेन्सरची जागा खुणावली. नॉक सेन्सर नव्या ब्लॉकच्या मूळ जागीच लावला आणि शील्ड असलेली वायर लांबवली.

तुम्हाला कुणी असं किट दाखवलं तर चालू इंजिनाचा व्हिडिओ मागू नका. स्टार्टर फिरत असतानाचा क्रँक सेन्सरचा स्कोपवरचा सिग्नल मागा, गाळलेल्या दातांची जागा त्यात दिसली पाहिजे. रिंगचे दात किती, सेन्सर दोन तारांचा की तीन, आणि सेन्सर दोन तारांचा असला तर त्याच्या तारांची दिशा कुठली, हे विचारा. त्या उलट्या जोडल्या तरी इंजिन कधी कधी सुरू होतं, पण टायमिंग वेगाबरोबर सरकत राहतं. आणि किटमध्ये नॉक सेन्सरचा ब्रॅकेट दिसला, तर बाकीचे प्रश्न विचारायचे कष्टही घेऊ नका.