भुतांचं चॉकलेट किट: साचा ठेवा, बाकीचं जांभळी नाक्यावरून आणा

699 रुपयांच्या या खोक्यात पैसे मोजावेत अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे साचा. बाकीचं सामान ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला, नाहीतर घरातल्याच डब्यांत याहून चांगलं मिळतं. एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. ज्यांच्या दारावर 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीन या परदेशी भुतांच्या सणाला, सोसायटीतली पोरं तोंडं रंगवून बेल वाजवणार आहेत, त्यांनी पुढे वाचा.

मी ठाण्यात वर्तकनगरला घरीच पाळणाघर चालवते. तीन ते नऊ वर्षांची मुलं दिवसभर पायात घुटमळत असतात. हॅलोवीनचं खूळ आधी घोडबंदर रोडच्या टॉवरांपुरतं होतं, आता आमच्या लिफ्ट नसलेल्या इमारतींतही आलंय. 2024 ला 31 ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, त्यामुळे पहाटे उटणं आणि संध्याकाळी भुतं असा कारभार झाला. 2025 ला भाऊबीज 23 तारखेलाच उरकली. पुढे मुलांना सुट्टी, आयांना ऑफिस, आणि मला या फौजेचे हात कशाततरी गुंतवायचे होते. म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी किटं ढिगाने मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने हाच असतो.

खोक्यात आठ खळग्यांचा सिलिकॉनचा साचा (चार भुतं, दोन भोपळे, दोन वटवाघळं), पांढऱ्या आणि गडद कंपाउंडची (म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेल्या चॉकलेटची) 100-100 ग्रॅमची पाकिटं, रंगांच्या तीन चिमुकल्या बाटल्या, कागदी काड्या, नक्षीसाठी प्लॅस्टिकचा कोन आणि घडी घातलेलं एक माहितीपत्रक. खोक्यावर ‘24 चॉकलेटं’ असं छापलंय. एका खळग्यात बारा-पंधरा ग्रॅम माल सहज जातो. म्हणजे 200 ग्रॅममध्ये साचा एकदा नीट भरतो, दुसऱ्या वेळी रडतखडत. चोवीस कुठून काढायची ते कंपनीलाच ठाऊक.

आता रंग. बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. घटकांत पहिलाच शब्द ‘पाणी’ असेल तर ती बाटली शेवयांच्या खिरीला वापरा, चॉकलेटच्या जवळपासही आणू नका. वितळलेलं चॉकलेट म्हणजे तुपासारख्या चरबीत तरंगणारे साखरेचे आणि दूधभुकटीचे कोरडे कण. त्यात पाण्याचे दोन थेंब पडले की कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि सगळं आवळून येतं. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे भोपळ्यांसाठी केशरी रंग टाकला, आणि बघता बघता चमच्याभोवती फोडणीच्या उपम्यासारखा खडबडीत गोळा बसला. हे चॉकलेटच्याच किटमध्ये दिलेल्या रंगाने व्हावं, याचा मला राग आला. तो गोळा साच्यात घालण्याच्या कामाचा राहत नाही, पण टाकायचाही नाही: गरम दूध थोडं थोडं ओतून घोटत राहिलं की तो पुन्हा सैल होतो. मुलांनी ते केशरी दूध ‘भोपळ्याचं रक्त’ म्हणत मिटक्या मारून संपवलं. भोपळे रंगवायचेच असतील तर तेलात मिसळणारा, बाटलीवर ‘ऑइल बेस्ड’ लिहिलेला रंग घ्या, किंवा कोरडी पूड. काळ्या रंगाच्या भानगडीत तर पडूच नका, गडद कंपाउंड पुरेसं काळं दिसतं आणि मुलांच्या जिभाही काळ्या होत नाहीत.

माहितीपत्रकाचा दुसरा विनोद: ‘खोलीच्या तापमानाला वीस मिनिटं ठेवा.’ कुठल्या खोलीच्या? ऑक्टोबरच्या शेवटी ठाण्यात दुपारचा पारा 33-34 अंशांवर असतो, आणि खऱ्या चॉकलेटमधली चरबी, कोको बटर, वितळते तीच 34 अंशांच्या आसपास. कंपाउंड थोडं जास्त तग धरतं, एवढंच. गॅसवर कुकर लागलेल्या आमच्या स्वयंपाकघरात ती भुतं तासभर घामाघूम होऊन पडून होती. साचा दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, की काम होतं. मात्र रात्रभर तिथे विसरू नका. गार चॉकलेट आपल्या दमट हवेत बाहेर आलं की त्यावर दव धरतं, वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढुरके डाग उरतात. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डबा बाहेर काढून त्याचा गारवा गेल्यावरच झाकण उघडा.

साच्याबद्दल मात्र तक्रार नाही. सिलिकॉन जाड आहे, वास येत नाही, उलटा करून बोटाने दाबलं की भूत टपकन बाहेर येतं आणि चेहऱ्यावर चकाकी असते. भरण्याआधी तो स्टीलच्या ताटात ठेवावा, नाहीतर उचलताना लचकतो. भरून झाला की ताट ओट्यावर दोन-चारदा आपटायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. वटवाघळांचे पंख टोकाशी पातळ आहेत, घाई केली की तुटतात. आमच्याकडे तुटक्या पंखांची वटवाघळं आधी संपली, कारण ती ‘चुकलेली’ म्हणून लगेच खायला मिळत होती. शेवटी शेवटी पंख जरा जास्तच तुटायला लागले.

माझे सासरे वेंगुर्ल्याकडचे. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदेवाला, केळ्यांचा घड आणि हातभर लांब चामडी चपला वाहतात, त्या मुलखातला माणूस. पहिलं भूत त्यांनी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं. “ह्येचे पाय खंय आसत? गोधडी पांघरून बसलेलां भूत मी अजून बघूक नाय.” झालं, मुलांनी आजोबांना मधे बसवलं आणि साच्यातल्या एकसारख्या चार भुतांची वर्गवारी सुरू झाली. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुंजा, तो पिंपळावर राहतो, त्याला शेंडी पाहिजे. कोनातून गडद चॉकलेटची शेंडी काढली. हडळीची पावलं उलटी असतात, म्हणून काजूच्या दोन पाकळ्या टोकं मागे करून चिकटवल्या. वेताळ सगळ्यांचा राजा, त्याला खडीसाखरेचा मुकुट. चौथ्याचा देवचार, म्हणजे कोकणातला राखणदार, झाला, त्याच्या हातात कागदी काडीचा सोटा. नंतर आजोबांनी देवचाराची गोष्टही सांगितली. चार वर्षांची पोर ऐकता ऐकता झोपून गेली, नऊ वर्षांच्या दादाला मात्र बाथरूमपर्यंत सोबत लागली. किटमधल्या वस्तूंपैकी कोनाला यासाठी अर्धा गुण देते. अर्धाच, कारण दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापला तरी तेच काम होतं.

‘डेअरी मिल्क वितळवून चालेल का?’ हे प्रत्येक आई विचारते. आम्ही राहतो ते कॅडबरी जंक्शनपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा प्रश्न साहजिकच आहे. उत्तर: चव छान लागेल, भूत उभं राहणार नाही. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक धरू शकतं, आणि चकाकी नि कटकन तुटणं हे त्यातल्या एकाच प्रकारात नीट मिळतं. तो मिळवायला गडद चॉकलेट 45-50 अंशांपर्यंत तापवायचं, ढवळत 27-28 वर उतरवायचं आणि पुन्हा 31-32 वर आणायचं. दुधाचं आणि पांढरं चॉकलेट त्याहून थोडं खाली. याला टेम्परिंग म्हणतात. आमच्याकडे खोलीच 32 वर असते, 27 कुठून आणू? एसी लावून, थर्मामीटर घेऊन ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं. नुसतं वितळवून गोठवलेलं चॉकलेट मऊ राहतं, त्यावर करड्या रेघा येतात आणि बोटांना लागतं.

कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे ते वितळवा, ओता, गार करा, संपलं. चवीला ते खऱ्या चॉकलेटच्या जवळ जात नाही, हे मान्य करून टाकते. तोंडात लगेच विरघळत नाही, टाळ्याला एक थर राहतो. पांढरं तर गोड मिट्ट. म्हणूनच मी ते नुसतं देत नाही, आत काहीतरी कुरकुरीत किंवा खारट असतं. आणायचं कुठून? स्टेशनजवळ, जांभळी नाक्याच्या बाजारात बेकिंगचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे मोर्डे कंपनीचा डार्क आणि व्हाइट कंपाउंडचा एकेक स्लॅब घ्या. 2024 मध्ये जगात कोकोचा भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला होता, तेव्हापासून स्लॅबला हात लावताना मीही किंमत आधी विचारते. तरी दोन स्लॅब मिळून किटपेक्षा स्वस्त पडले आणि माल चौपट.

वितळवताना माझी पद्धत मायक्रोवेव्हची: स्लॅब सुरीने बारीक कापायचा, अर्ध्या पॉवरवर तीस-तीस सेकंद, प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, उरलेले आतल्या उष्णतेने विरघळतात. पांढरं लवकर करपतं, त्याच्याकडे पाठ फिरवू नका. उकळत्या पाण्यावर वाडगा ठेवणारे असाल तर वाफेवर लक्ष ठेवा, कडेने आत शिरली की वरची उपम्याची गोष्ट. भांडं, चमचा, साचा, सगळं खडखडीत कोरडं हवं. घट्ट वाटलं तर चमचाभर खोबरेल तेल, खायचं. दूध किंवा पाणी अजिबात नाही.

आता खरी मजा, जिला साचाही लागत नाही.

मखाने आधी कढईत कुरकुरीत भाजून गार करा, पांढऱ्या कंपाउंडमध्ये घोळवून बटर पेपरवर सुटे ठेवा. गोठले की टूथपिकने गडद चॉकलेटचे दोन डोळे आणि खाली दातांच्या तीन-चार उभ्या रेघा, की कवटी तयार. प्रत्येक मखाना मुळातच वेडावाकडा, त्यामुळे एक कवटी दुसरीसारखी होत नाही. साच्यातल्या भुतांपेक्षा मला याच जास्त आवडल्या.

दिवाळीची उरलेली शेव वितळलेल्या गडद कंपाउंडमध्ये हलक्या हाताने घोळवून चमच्याने छोटे ढीग टाकले की कोळी तयार, शेवेचे पाय आपोआप बाहेर येतात. जाडी, साधी खारी शेव घ्या. ओवा घातलेली नको, त्याची चव फार पुढे येते. खारट-गोड-कुरकुरीत असं ते इतकं जमून येतं की संध्याकाळी न्यायला आलेल्या बापांनी मुलांच्या पुड्यांतले कोळी तिथेच उभ्या उभ्या उडवले.

पारले-जीवर पांढऱ्या चॉकलेटच्या आडव्यातिडव्या रेघा मारल्या की ममी. हे तीन वर्षांच्या मुलालाही जमतं, रेघा जितक्या वाकड्या तितकी ममी अस्सल. राजगिऱ्याचे लहान लाडू पांढऱ्यात बुडवून वर एक काळा ठिपका आणि भोवती तेलातल्या लाल रंगाच्या बारीक शिरा काढल्या तर बुबुळं होतात. लाडू काट्याने अलगद उचलायचे, जोर दिला तर भुगा. चावल्यावर आतून गूळ लागतो, त्याने कंपाउंडचा गोडमिट्टपणा झाकला जातो.

जाळं सगळ्यात देखणं. बटर पेपरवर गडद चॉकलेट पातळ पसरा, ओलं असतानाच त्यावर पांढऱ्याची वर्तुळं काढा आणि टूथपिक मधून बाहेर ओढत न्या. हात चटचट चालवावा लागतो. हे मुलांवर सोपवू नका, मोठ्यांनी करायचं आणि मुलांनी तोडायचं.

पाळणाघराचे माझे दोन नियम इथेही लागू आहेत. दुसऱ्याच्या मुलाला देण्याआधी त्याच्या आईला सुक्यामेव्याचं आणि दाण्याचं विचारायचं. आणि चार वर्षांखालच्या पोराच्या हातात अख्खा मखाना, अख्खा काजू किंवा टूथपिक टोचलेली कुठलीही वस्तू द्यायची नाही, आपण टूथपिक काढून, बारीक चुरून द्यायची.

पाचपैकी गुण: साच्याला साडेचार, कोनाला तो अर्धा, कंपाउंडला दोन, रंगांना शून्य, माहितीपत्रकाला त्याहून कमी देता येत असतं तर दिलं असतं. असाच साचा सुटा घेतला तर दीड-दोनशेत येतो, तोच घ्या. धुताना कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, तारेची घासणी लावू नका. सिलिकॉन गरम पाकाला दाद देत नाही, म्हणून संक्रांतीला मी त्यात तिळगुळाच्या वड्या पाडणार आहे. भोपळ्याच्या खळग्यांना घरात सगळ्यांची मान्यता आहे. भुताच्या आकाराचा तिळगूळ शेजारी न्यायचा का, यावर सासूबाईंचं आणि सासऱ्यांचं अजून जमलेलं नाही.