मळवलीची एका दिवसाची सहल: गड सकाळी, लेणी दुपारी

पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतायचे असेल, तर मळवलीइतकी स्वस्त आणि भरगच्च सहल दुसरी नाही. लोकलचे तिकीट १५ रुपये. लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे उतरायचे, की भाजे लेणी आणि लोहगड, विसापूर हे किल्ले पायी जाण्याच्या टप्प्यात येतात. बहुतेक जण मात्र ही सहल उलटी करतात. लेणी वाटेत आधी लागतात म्हणून ती सकाळीच उरकतात आणि ऐन उन्हात गडाकडे निघतात. भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी ती डोंगराच्या सावलीत असतात, तर दुपारी तीननंतर कलते ऊन थेट चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, कमानीतून आत शिरते. म्हणून लोहगड आधी करावा आणि लेणी परतताना पाहावीत.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून चालू आहे. मळवलीपर्यंत साधारण सव्वा तास लागतो. डब्यात स्वच्छतागृह नसते, तेव्हा लहान मुले बरोबर असतील तर आधीच सोय पाहावी. काही गाड्या पुणे स्टेशनऐवजी शिवाजीनगरहून सुटतात, हे वेळापत्रकात नीट बघून घ्यावे. या सेवेचा खरा दोष म्हणजे दुपारचा खंड. सकाळची गर्दी ओसरली की रुळांच्या देखभालीसाठी लोकल फार तुरळक होतात. सहा-सातच्या सुमाराची गाडी चुकली तर सहलीचा क्रमच कोलमडतो. परतीचा बेतही दुपारी दोनचा न ठेवता संध्याकाळचा ठेवावा. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी, कारण दख्खनची राणीसारख्या गाड्या मळवलीला थांबत नाहीत.

स्टेशनातून बाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव येते. गावातून एक वाट लेण्यांच्या पायऱ्यांकडे जाते आणि डांबरी रस्ता गडाकडे चढतो. लोहगडवाडीपर्यंत चालायला दीड ते दोन तास लागतात. चढण गायमुख खिंडीच्या अलीकडे अंगावर येते. गुडघे कुरकुरत असतील तर स्टेशनवरून रिक्षा किंवा जीप करावी. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि ते एकेरी आहे की जाऊन-येऊन, हेही स्पष्ट बोलून घ्यावे. पायऱ्या सुरू होण्याआधी लोहगडवाडीतल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवली, तर उतरल्यावर गरम पान वाढलेले मिळते.

गायमुख खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगडाची उंची १,०३३ मीटर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे एकामागून एक येतात आणि वाट दर वळणावर वरच्या बुरुजाच्या माऱ्यात राहते. हे पाहण्यासाठी महादरवाज्यावरून खाली वाकून एकदा सगळी नागमोडी वाट नजरेखालून घालावी. किल्ल्याचे शहाणपण तिथे कळते. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत हा एक आहे. गडावर विंचूकाटा नावाच्या अरुंद सोंडेवर जायचे तर आधी एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. कोरड्या दिवसांत तो सोपा आहे, पावसात शेवाळामुळे पाय हमखास घसरतो. तेव्हा त्या टप्प्याच्या अलीकडूनच पवना जलाशय आणि तुंग, तिकोना हे किल्ले बघावेत. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे.

विसापूर त्याच दिवशी करू नये. तो लोहगडापेक्षा उंच आहे, वाट सांगणाऱ्या खुणा कमी आहेत आणि एक वाट पावसाळ्यात अक्षरशः ओढ्यातून चढते. १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि त्यामुळे मराठ्यांना खालचा लोहगडही हाती ठेवणे अशक्य झाले. विसापूर स्वतंत्र दिवस मागतो.

साडेतीनच्या आत भाज्याला पोहोचावे. तिकीट २५ रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना माफ. इथली २२ लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची आहेत. चैत्यगृहात शिरल्यावर खांब आत कललेले दिसतात. बांधणारे कारागीर लाकडी इमारतींचे जाणकार होते. छताचा भार पेलायला लाकडी खांब तिरके रोवतात, तीच रीत त्यांनी दगडात उतरवली. छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. दर्शनी भागही लाकडाचा होता, तो नष्ट झाल्याने कमान पूर्ण उघडी पडली आहे आणि म्हणूनच ऊन इतके आत येते. तिथून दक्षिणेकडे चालत गेल्यावर १४ स्तूपांचा समूह लागतो. पाच आत, नऊ बाहेर. लोक इथूनच मागे फिरतात, ही फार मोठी चूक. टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यात, दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. सगळ्या भाज्यात सर्वांत मोलाची हीच. तिरप्या उन्हात त्यांचा उठाव स्पष्ट होतो.

कार्ला लेण्यांचा डोंगर याच सहलीत कोंबायचा मोह टाळावा. तो रुळांच्या पलीकडे, जुन्या महामार्गाच्या बाजूला आहे आणि तिथल्या चैत्यगृहाला दोन तास तरी द्यायलाच हवेत. भाजे आधी पाहिलेले असले म्हणजे कार्ल्याचे सरळ उभे खांब आणि त्यांवरची नक्षीदार शीर्षे कुठून विकसित झाली हे चटकन उमगते. एकवीरा देवीचे मंदिर त्याच आवारात असल्याने रविवार, चैत्रयात्रा आणि नवरात्र वगळून जावे.

ऋतूबद्दल सांगायचे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलै-ऑगस्टचे रविवार पूर्ण वर्ज्य. २०२३ च्या जुलैत लोहगडाच्या पायऱ्यांवर लोक तासन्‌तास अडकून पडले होते. वर जाणारे आणि उतरणारे एकाच चिंचोळ्या दरवाज्यात समोरासमोर येतात, तिथे मागे फिरायलाही जागा उरत नाही. हिरवाईच हवी असेल तर पावसाळ्यातला मधला वार निवडावा. धबधब्यांच्या परिसरात जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, ते आदल्या दिवशी तपासून मगच घराबाहेर पडावे.