लॅमलॅशचे कोस्ट डिस्कव्हरी सेंटर : काठावरून न दिसणाऱ्या समुद्राचे दालन

मत्स्यालय पाहायला मिळेल या अपेक्षेने जो कोणी स्कॉटलंडमधील अ‍ॅरन बेटावरच्या या केंद्रात शिरेल, त्याचा हिरमोड होण्याची शक्यता मोठी आहे. ‘कम्युनिटी ऑफ अ‍ॅरन सीबेड ट्रस्ट’, म्हणजेच कोस्ट, या बेटवासीयांच्या संस्थेने 2018 साली लॅमलॅश गावात, एका जुन्या पॅव्हेलियनमध्ये ते सुरू केले. इमारत आटोपशीर आहे आणि जे खरोखर पाहण्यासारखे आहे ते समोरच्या उपसागराच्या तळाशी आहे, जिथवर काठावरून नजर पोहोचत नाही. त्या न दिसणाऱ्या तळाबद्दल पाहुण्याला आस्था वाटायला लावणे हेच या केंद्राचे काम आहे आणि माझ्या मते ते त्याला चांगले साधले आहे, मात्र पाहुण्याने थोडा इतिहास समजून घेण्याची तयारी ठेवायला हवी.

तो इतिहास असा की, किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ट्रॉलरने, म्हणजे तळावरून जाळे ओढणाऱ्या बोटीने, तळ खरवडण्यावर स्कॉटलंडमध्ये असलेली जुनी बंदी 1984 साली उठवण्यात आली. त्यानंतर अ‍ॅरनभोवतीच्या क्लाईडच्या आखातात कॉड आणि हॅडॉकसारख्या तळमाशांची पडझड झाली, आणि स्कॅलप या शिंपल्यांसाठी लोखंडी दातांची जड ड्रेज तळावरून ओढणाऱ्या बोटी उरल्या. गळाने मासेमारी करणाऱ्यांचा जो महोत्सव या बेटाची ओळख होता, तोही मासेच न राहिल्याने बंद पडला. पाण्याखालचा हा बदल स्वतः बुडी मारून पाहणारे दोन स्थानिक पाणबुडे, हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश, यांनी 1995 साली कोस्टची स्थापना केली. मॅकनीश यांनी न्यूझीलंडमध्ये मासेमारी पूर्ण बंद ठेवलेले सागरी क्षेत्र पाहिले होते, आणि तीच कल्पना लॅमलॅशमध्ये आणावी असा त्यांचा आग्रह होता. सरकारला ती पटायला 13 वर्षे लागली. सप्टेंबर 2008 मध्ये उपसागराच्या उत्तर भागातील 2.67 चौरस किलोमीटर क्षेत्रात ड्रेज, जाळे, पिंजरा, गळ अशा कोणत्याही मार्गाने काहीही काढण्यास मनाई झाली, आणि लोकांच्या मागणीवरून घोषित झालेले असे स्कॉटलंडमधील हे पहिलेच क्षेत्र ठरले. वुड यांना 2015 साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला तो या चळवळीसाठी.

केंद्रातून बाहेर पडताना एक शब्द तरी पाहुण्याच्या डोक्यात राहावा असे मला वाटते, तो म्हणजे मर्ल. चुन्याचे कवच बनवणारे, गुलाबी रंगाचे, फांद्याफांद्यांचे हे सुटे शैवाल तळावर थर करून पसरते, वर्षाला साधारण एक मिलिमीटर इतक्या मंद गतीने वाढते, आणि त्याच्या फटींमध्ये स्कॅलपची पिल्ले व लहान मासे आसरा घेतात. म्हणजे ड्रेजच्या एका फेरीत जे मोडते ते पुन्हा उभे राहायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. पुनरुज्जीवन म्हटले की आपल्याला लागवड, पैदास, कृत्रिम खडक आठवतात. इथे मुख्य उपाय एवढाच आहे की तळाला हात लावायचा नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण काहीही न करण्याची परवानगी मिळवणे किती कष्टाचे असते हे या 13 वर्षांकडे पाहून कळते.

परिणामांबद्दलही बोलले पाहिजे, कारण अशा केंद्रांचा कल यशोगाथा सांगण्याकडे असतो. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाहणीत, संरक्षित भागातील किंग स्कॅलप आणि शेवंडे संख्येने वाढलेली व आकाराने मोठी आढळली, आणि मोठी मादी अधिक अंडी देत असल्याने त्याचा लाभ क्षेत्राबाहेरही पोहोचण्याची शक्यता आहे. मात्र याच पाहणीत असेही दिसले की जिथे मोठी शेवंडे जास्त सापडली तिथे लहान शेवंडे आणि खेकडे कमी मिळाले. ही गुंतागुंत मला यशापेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण समुद्र सावरतो तेव्हा तो आपल्या यादीप्रमाणे सावरत नाही.

2014 साली बेटाच्या दक्षिणेकडचा बराच मोठा समुद्र संरक्षित घोषित झाला आणि 2016 पासून तिथे ड्रेजला मज्जाव आहे, याची दखल घेतली की लॅमलॅशचा तुकडा केवढा लहान आहे हे लक्षात येते.

पाण्यात उतरण्याची इच्छा असणाऱ्याने वेटसूटशिवाय तो विचार करू नये, कारण भर उन्हाळ्यातही हे पाणी थंड असते. स्नॉर्कल लावून उथळ भागातले केल्प हे मोठे समुद्री शैवाल, तारामासे आणि खेकडे पाहता येतात, पण मर्लचे थर बहुतेक खोल असल्याने ते पाहायला स्कूबाच, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन मारलेली बुडीच, लागते. हे आधीच ठाऊक असलेले बरे. ज्यांना भिजायचे नाही, त्यांनी केंद्रात क्षेत्राचा नकाशा नीट पाहून घ्यावा आणि मग किनाऱ्यावर जाऊन समोरच्या होली आयल या लहान बेटाच्या उत्तर टोकापर्यंतचा तो पट्टा नजरेने शोधावा. तिथे कुंपण नाही, भिंत नाही. बाजूच्या पाण्यासारखेच पाणी आहे.